सायीतली कोंबडी

जुईनगरच्या त्या बिल्डिंगीत एक नियम होता. सोसायटीच्या फलकावर तो लिहिलेला नव्हता, म्हणूनच पाळला जायचा. शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही. वाटीतून लोणचं आलं, तर वाटी परत जाताना तिच्यात निदान चार हिरव्या मिरच्या तरी पडायच्या. त्यामुळे एक हिशेब मिटायचा त्याच क्षणी दुसरा सुरू व्हायचा. कुणाचा डबा कुणाकडे अडकलाय, आणि तो भरून द्यायला घरात काही नाही म्हणून कोणती बाई जिन्यात कुणाला टाळते आहे, एवढं ज्याला ठाऊक होतं त्याला बिल्डिंगीतलं सगळं ठाऊक होतं.

या नियमाच्या जोरावर तिथे चटण्या, सांडगे, सुकी करंदी, पुरणपोळ्या असं पुष्कळ काही वरखाली फिरलं, आणि कुणाच्या पोटात कधी ढवळलं नाही. ढवळलं ते फक्त मोनालीनं केलेल्या कोंबडीनं.

मोनाली पहिल्या मजल्यावरच्या बाबासोंची मुलगी. बाबासो मूळचे साताऱ्याकडचे, कोरेगावच्या बाजूचे. तुर्भ्याला फळबाजार आल्यापासून तिथल्या हमालांच्या टोळीचे ते मुकादम होते. घरात फळाला तोटा नव्हता. पेटीत दबलेलं, एका अंगानं डागाळलेलं, पण फळच. बाबासो स्वतः मात्र त्याला शिवत नसत. दिवसभर गवतात कुजणाऱ्या पपयांचा आणि फुटलेल्या संत्र्यांचा वास नाकात घेऊन घरी आलेल्या माणसाला फळ हे खायची वस्तू वाटत नाही. शिकरण तेवढं त्यांना चालायचं, कारण त्यात केळं केळ्यासारखं राहत नाही.

मोनालीनं केटरिंगचा कोर्स पुरा केला होता आणि वाशीच्या एका मोठ्या हॉटेलात तिला नोकरी मिळत होती. सोमवारी हजर व्हायचं होतं. खातं कोणतं, तर कोल्ड किचन. तिची आई सत्यभामाबाई, त्यांना पहिल्यांदा वाटलं की पोरीला फ्रीज पुसायला ठेवताहेत. तिथे थंड पदार्थ करतात, चिकनसुद्धा थंडच वाढतात, असं मोनालीनं समजावलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या की गार झालेल्या कोंबडीला आमच्याकडे शिळी म्हणतात, आणि ती आम्ही गड्यालासुद्धा देत नाही.

बाबासोंचं म्हणणं वेगळं होतं. हॉटेलात रांधणारी मुलगी म्हटल्यावर गावाकडे लोक काय बोलतील याची यादी त्यांच्या डोक्यात तयार होती. पण मुकादमाला सवय असते, माल बघितल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. शनिवारी जेवताना ते म्हणाले, "तुजा त्यो पदार्थ उद्या कर. वर रंजिताकडं पाठीव. तिच्यातनं भांडं रिकामं झालं, तर सोमवारी जा. न्हाय झालं, तर हाटेलाचं नाव परत काढायचं न्हाय."

रंजिताच का, हे बिल्डिंगीत कुणाला विचारावं लागलं नसतं. ती तिसऱ्या मजल्यावर राहायची. माहेर करावे गावचं, खाडीकाठचं. आणि बिल्डिंग उभी होती ती तिच्या सासऱ्याच्या, गोटीरामच्या, जुन्या शेतावर. हळदीच्या जेवणाला किती मटण लागेल आणि ते कधी उतरवायचं, हे तिच्या शब्दावर ठरे. आजवर तिनं कुणाच्या मटणाला चांगलं म्हटलेलं नव्हतं. फार आवडलं तर "खाल्ला" म्हणायची. बायका तेवढ्यावरच आठवडाभर मिरवायच्या.

रविवारी सकाळी मोनालीनं कोंबडी शिजत घातली. पाणी, मीठ, चार मिरे. हळद नाही, आलं-लसूण नाही, वाटण नाही. सत्यभामाबाई नाकाला पदर लावून दारात उभ्या होत्या. हळद न लावलेली कोंबडी त्या जन्मात पहिल्यांदा पाहत होत्या. ती पांढुरकी, ओली, सुजल्यासारखी दिसत होती. कोंबडी मेलेलीच असते, हे काही कुणी नाकारत नाही; पण मसाल्यात ते ध्यानात येत नाही. इथे ते डोळ्यांत भरत होतं.

पुढे ती कोंबडी ताटलीत घालून फ्रीजमध्ये गेली. त्या फ्रीजनं तोवर मांस पाहिलेलं नव्हतं. सत्यभामाबाईंनी आधी दूध बाहेर काढलं, मग लोणी, मग देवाची फुलं. फुलं काढताना त्यांनी फ्रीजकडे असं पाहिलं की जणू त्यानंच काहीतरी केलं होतं.

मग मोनालीनं अंडी फोडली, पांढरं बाजूला काढलं आणि कच्च्या बलकात तेलाची बारीक धार सोडत ती फेटत बसली. ते हळूहळू घट्ट झालं. पिवळट, चकचकीत, गळवावर लावायच्या मलमासारखं. त्यात लिंबू पडलं, मोहरीची पूड पडली. कच्चं अंडं पोरगी शिजवणार कधी, याची आई वाट पाहत होती. ते शिजवायचं नसतंच, हे कळल्यावर त्या खुर्ची ओढून बसल्या.

पण खरा घाव पुढे होता. मोनालीनं सायीचं भांडं काढलं. आठवडाभर थराथरानं जमवलेली साय, जिला सोमवारी विरजण लागायचं आणि जिचं बुधवारी तूप निघायचं.

"आगं, सायीत कोंबडी?" सत्यभामाबाई म्हणाल्या. "आन् तूप कशाचं काढू मी, हाडकांचं?"

मोनाली म्हणाली की आई, टेन्शन घेऊ नको, इथल्या दुकानात क्रीम मिळत नाही म्हणून साय घेतेय, हॉटेलात नाही लागणार. आणि साय त्या पिवळ्या मलमात गेली. पाठोपाठ कोंबडीचे हातानं सोडवलेले तुकडे, सालासकट चिरलेलं सफरचंद, अर्धी केलेली द्राक्षं, अक्रोड, काजू. मोनाली मोठ्या चमच्यानं ते खालीवर करू लागली तेव्हा पातेल्यातून असा आवाज यायला लागला, जसा पावसाळ्यात चिखलातून चप्पल ओढताना येतो. चव बघताना तिनं डोळे मिटले. आईनं मोरीत जाऊन तोंडात काही नसताना चूळ भरली.

"दुधाचं आन् कोंबडीचं एकत्र खाल्लं की अंगावर पांढरं उठतंय," त्या बाहेर येऊन म्हणाल्या. "बिल्डिंगीला कोड फुटंल."

बाबासोंनी चव घ्यायला नकार दिला. पातेल्यात वाकून पाहिलं आणि ही सफरचंदं मी आणलेली का, एवढंच विचारलं. हो म्हटल्यावर मान हलवून पेपर उघडला.

काचेचा मोठा बाऊल भरून मोनाली तिसऱ्या मजल्यावर गेली. रंजितानं दार उघडलं, बाऊल घेतला, बरा दिसतो म्हणाली आणि दार लावलं. मग स्वयंपाकघरात जाऊन तिनं त्याचा वास घेतला, आणि बाऊल हात लांब करून ओट्यावर ठेवला. खाडीकाठच्या बाईला दूध आणि मांस-मच्छी यांचं वैर कुणी शिकवावं लागत नाही.

पण काजू दिसत होते.

रंजितानं एकेक काजू बोटांनी उपसला, नळाखाली धरला, पदराला पुसला आणि खाल्ला. अक्रोडांच्या सुरकुत्यांत पांढरं अडकून बसलं होतं, ते तिनं डोक्यातली पिन काढून कोरलं. पिन पुन्हा डोक्यात गेली. सुका मेवा संपला तेव्हा बाऊलमध्ये बोटांनी खणलेल्या खड्ड्यांत साय पाझरून आली होती.

आता हे टाकायचं कुठे? अन्न टाकू नये हे एक. आणि कचऱ्याच्या डब्यात टाकलं तर खालच्या दोन-तीन बायका ते बघणार आणि मोनालीच्या घरी सांगणार, हे दुसरं. रंजिताला दुसऱ्या मजल्यावरचा उदयसिंह आठवला. तो बेलापूर रोडच्या एका केमिकल कंपनीत कामाला होता, बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली, आणि एकट्या पुरुषाला काहीही चालतं असं बिल्डिंगीतल्या बायकांचं ठाम मत होतं. शिवाय त्यानं पाणी साठवायला कंपनीतून एक निळं पिंप आणून दिलं होतं, त्याची परतफेड राहिलीच होती. उरलेलं सगळं तिनं आपल्या स्टीलच्या डब्यात ओतलं आणि नवीन पद्धतीचं चिकन आहे म्हणून खाली देऊन आली. बाऊल घासला, त्यात सुक्या कोळंबीचे सोडे भरले, आणि दुपारी स्वतः बाबासोंच्या दारात उभी राहिली.

"बेस झाला हुता गो पोरी," ती मोनालीला म्हणाली. "आमी चाटूनपुसून खाल्ला."

बाबासोंनी पेपर खाली केला. रंजिताच्या तोंडून "बेस" बाहेर पडलेलं त्यांनी आजवर ऐकलं नव्हतं. ज्या बाईकडे कौतुकाची एवढी टंचाई, तिनं ते एकदम इतकं का उधळलं, असा प्रश्न बाजारात त्यांना नक्की पडला असता. घरात पडला नाही. त्यांनी बाऊलकडे पाहिलं. लखलखीत होता आणि सोड्यांचा वास सुटला होता.

"उद्या जा," ते म्हणाले.

सत्यभामाबाईंनी सोडे बरणीत भरले. मोनाली कपड्यांना इस्त्री करायला बसली.

दुसऱ्या मजल्यावर उदयसिंहनं उभ्या उभ्या एक चमचा तोंडात घातला, आणि खिडकीशी जाऊन थुंकला. खाली कुणी आहे का ते त्यानं नंतर पाहिलं. गार, आंबटसर, कच्च्या अंड्याचा वशट वास, मधेच दाताखाली द्राक्ष फुटतं. पण कोंबडी ती कोंबडी. त्यानं डब्यात हात घातला आणि तुकडे वेचायला सुरुवात केली. साय मनगटापर्यंत चढली, नखांत गेली. वेचलेले तुकडे चाळणीत टाकून त्यानं नळ सोडला. पांढरं निघता निघेना, म्हणून तुकडे कपड्यांसारखे चोळले. मोरी तुंबली. मग धुतलेली कोंबडी कांदा-लसूण मसाल्यात परतून त्यानं रात्रीच्या जेवणाला झाकून ठेवली.

डब्यात आता साय, सफरचंद आणि द्राक्षं राहिली. वरून पाहिलं तर काहीतरी गोडाधोडाचं वाटत होतं. तळमजल्यावरची ज्ञानेश्वरी त्याला बायको नसल्यापासून रोज भाकरी पाठवायची, आणि तिचा भाकरीचा डबा त्याच्याकडे कालपासून रिकामा पडला होता. नियम त्यालाही लागू होता. त्यानं सगळं त्या डब्यात उलटलं आणि फळांचं काहीतरी आहे म्हणून देऊन आला.

ज्ञानेश्वरीनं चव घेतली. खारट. आधी तिला उदयसिंहची कीव आली, बिचाऱ्यानं साखर समजून मीठ घातलं असणार. द्राक्षं वरवरची, धुऊन बरी लागली, ती तिनं वेचून संपवली. मग उरलेल्यात साखर घातली, वेलची कुटून घातली आणि पुन्हा चाखलं. आता ते खारटही होतं, गोडही होतं, आणि मोहरीचा झणका थेट नाकात जात होता. त्याच क्षणी तिची नजर फळीवर गेली. सत्यभामाबाईंचा स्टीलचा डबा. संक्रांतीला तिळाच्या वड्या घेऊन आलेला, आणि भरून द्यायला कधी काही जमेना म्हणून तिथेच बसलेला. त्या डब्यापायी ती दोन महिने सत्यभामाबाईंना जिन्यात चुकवत होती. संध्याकाळी तिनं तो भरला आणि पहिल्या मजल्यावर नेऊन दिला. हातानं केलेलं गोड आहे, म्हणाली. हात तिचे होते, एवढं खरं.

सत्यभामाबाईंना बरं वाटलं. सकाळपासून जिभेवर बसलेली घाण कशानंतरी उतरायला हवी होती. पण पहिला घास नवऱ्याला. त्यांनी वाटीत काढून चपातीबरोबर बाबासोंपुढे ठेवलं. वेलचीचा वास होता, पांढरं होतं, शिकरण समजून बाबासोंनी चपातीचा मोठा घास बुडवला आणि तोंडात घातला.

त्यांचे जबडे थांबले. घास बाहेर काढावा तर ताट समोर, गिळावा तर घसा तयार नाही. डोळ्यांत पाणी आलं. शेवटी त्यांनी तो गिळला, आणि गिळल्यावर दाढेत काहीतरी अडकलं. त्यांनी बोट घालून ते ओढलं आणि ट्यूबलाइटकडे धरलं. लांब, पांढरा, कोंबडीचा दोरा. मग त्यांनी वाटीत बोट फिरवून सफरचंदाची एक फोड काढली. सालासकट चिरलेली, एका कडेला दबल्याचा तपकिरी डाग. तो डाग त्यांच्या ओळखीचा होता. पेटी त्यांनीच फोडली होती.

दारात इस्त्रीचे कपडे घेऊन उभी असलेली मोनाली ती फोड बघत होती. उद्याची नोकरी त्या वाटीत पडली आहे, हे तिला सांगावं लागलं नाही.

"चल," बाबासो म्हणाले. डबा हातात घेऊन ते जिना उतरले आणि ती मागोमाग.

ज्ञानेश्वरीनं डबा पाहिला आणि विचारायच्या आतच उदयसिंहचं नाव घेतलं. आपण फक्त साखर-वेलची घातली आणि द्राक्षं खाल्ली, द्राक्षं चांगली होती, असं ती मोनालीकडे बघत म्हणाली. उदयसिंहनं दार उघडलं ते डाव्या हातानं. उजवा तांबड्या रश्श्यात बरबटलेला, तोंडात घास. त्यानं रंजिताचं नाव सांगितलं. तो पांढरा गिलावा कुणी केला माहीत नाही, मुकादम, पण कोंबडी मात्र लोण्यासारखी शिजलीय, असंही म्हणाला आणि बोटं चाटली. मोनालीनं मान फिरवली.

तिसऱ्या मजल्यावर रंजिता डब्यातलं पांढरं बघून एक पाऊल मागे सरली. मग पुढे आली.

"काजू तेवरं घेतलं, भाऊ," ती म्हणाली. "दुदात कोंबरी कोन खातं? पोर लग्नाची हाय, तिच्या तोंडावर कसा बोलू?"

उतरताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बाबासो पायरीवर बसले. मोनाली दोन पायऱ्या वर उभी राहिली.

"काजू तिनं खाल्लं," ते म्हणाले. "कोंबडी त्यानं. द्राक्षं खालच्या बाईनं. बाजारातनं आनलेलं समदं संपलं. उरलं काय, तर तू केलेलं."

मोनाली म्हणाली, "हॉटेलात हेच खातात, आप्पा. काट्या-चमच्यानं खातात. वर परत मागतात."

"कोन?"

"लोक."

बाबासोंनी डब्याचं झाकण पुन्हा उघडलं. साय फाटून पाणी वेगळं झालं होतं, साखर विरघळून तळाशी पिवळट डबकं झालं होतं आणि त्यात सफरचंदाच्या काळवंडलेल्या फोडी पडून होत्या. हे परत मागणारा माणूस डोळ्यांपुढे आणायचा त्यांनी प्रयत्न केला. त्यांना वेलचीची आंबट ढेकर आली.

"आन् न्हाय गेलीस तर?" त्यांनी विचारलं.

मोनालीनं वडिलांकडे पाहिलं. मुकादमाचीच मुलगी ती, सौदा कुठे अडलाय ते तिला कळलं.

"तर मी घरी प्रॅक्टिस करणार," ती म्हणाली. "जमेपर्यंत. दर रविवारी."

"सायीवर?"

"सायीवरच. क्रीम कुठे मिळतंय इथे?"

बाबासोंनी झाकण लावलं, दाबून लावलं, आणि वरून तळहातानं ठोकलं.

"रंजिताच्यातनं भांडं रिकामं व्हावं म्हनलं हुतं मी," ते म्हणाले. "झालं. पुढं कुठं गेलं त्ये मी बोललो नव्हतो. गाळ्यावरनं माल उठला, की उठला." ते उठले. "उद्या जा. पर त्यातला एक थेंब माझ्या घरात आला, तर नोकरी बंद. हात तिथंच धुऊन यायचं. साबनानं."

सोमवारी मोनाली हॉटेलात हजर झाली. ती गेल्यावर सत्यभामाबाईंनी तो डबा ओट्यावर उघडला. सगळ्यांनी आपापलं काढून घेतलं होतं. काजू, कोंबडी, द्राक्षं. आता साय कुणाची होती, तर त्यांची. सफरचंदाच्या फोडी त्यांनी चमच्यानं बाजूला सारल्या, राहिलेलं कढईत ओतलं आणि मंद आचेवर कढवायला ठेवलं. आधी अंडं फाटलं आणि त्याच्या गाठी झाल्या. मग साखर करपली. मग मोहरी, वेलची आणि कोंबडी यांचा असा एक वास उठला की समोरच्या बिल्डिंगीतल्या कुणीतरी खिडकी लावून घेतली. पण शेवटी वर काहीतरी पिवळं तरंगलं. त्यांनी ते फडक्यातून गाळलं.

दुपारी जेवायला घरी आलेल्या बाबासोंनी चपाती कोरडीच मागितली.

सत्यभामाबाईंनी ते पिवळं एका वाटीत काढलं आणि तिसऱ्या मजल्यावर पाठवलं. सोड्यांबद्दल, म्हणून. संध्याकाळी रंजितानं वाटी परत आणून दिली, लखलखीत घासलेली, आत सुके बोंबील. तूप बेस होतं म्हणाली.

थोड्या वेळानं दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून कुणीतरी थुंकल्याचा आवाज आला.